आग्नेय आशियाची क्रूझ: किनाऱ्यावरच्या सहली आणि जेवणाची ठिकाणं कशी निवडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची क्रूझ असो, नाहीतर थायलंड, व्हिएतनाम, बाली अशी लांबची, बुकिंग झालं की प्रश्न सुरू होतात. कुठली सहल जहाजाकडून घ्यायची, कुठे आपलं आपण फिरायचं, आईला जैन जेवण मिळेल का, पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये जावं का. महाराष्ट्रातल्या कुटुंबांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं स्पष्ट दिली आहेत. व्हिसाचे नियम आणि दर बदलत राहतात, ते मात्र निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या.

वेळापत्रक हातात आलं की सगळ्यात आधी काय बघावं?

बंदराचं खरं नाव. माहितीपत्रकात "बँकॉक" छापलेलं असतं, पण मोठी जहाजं बँकॉकला जात नाहीत, ती लाएम चाबांगला लागतात. तिथून बँकॉक गाडीने दोन तासांवर आहे, वाहतूक असेल तर आणखी लांब. "हो ची मिन्ह सिटी" म्हणजे बहुतेक वेळा फू मी बंदर, शहरापासून दीड-दोन तास. "क्वालालंपूर" म्हणजे पोर्ट क्लांग, तासाभराहून जास्त. "हुए" किंवा "दा नांग" म्हणजे बऱ्याचदा चान मे. उलट सिंगापूर आणि पेनांगला जहाजातून उतरलात की तुम्ही शहरातच असता.

मग हिशेब करा. समजा जहाज सकाळी ८ला लागतं आणि संध्याकाळी ६ला सुटतं. कागदावर दहा तास. पण स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत बहुधा पाऊण-एक तास जातो, आणि परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. हातात उरले आठ तास. त्यातले चार-साडेचार रस्त्यात जाणार असतील, तर शहरात काय होईल हे आधीच ठरवायला हवं. सहल कोणाकडून घ्यायची, दुपारचं जेवण कुठे आणि रात्री जहाजावर किती वाजताचं टेबल घ्यायचं, हे सगळं याच एका हिशेबावर ठरतं.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावं?

माझा नियम सोपा आहे. बंदर लांब असेल, किंवा जहाज समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेणार असेल, तर जहाजाची सहल. बंदर शहरात असेल तर स्वतः.

कारण पैशांपेक्षा वेळेचं आहे. जहाजाच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदराला पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी जहाज थांबत नाही. छोट्या बोटींना टेंडर म्हणतात. त्यांच्यासाठी सकाळी टोकन घेऊन रांग लावावी लागते, आणि जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. ज्यांनी किनाऱ्यावर नऊ वाजता खासगी गाडी बोलावलेली असते, त्यांचा तास-दीड तास इथेच जातो.

खर्चाचं म्हणाल तर चार जणांच्या कुटुंबाला दिवसभराची खासगी गाडी बहुतेक ठिकाणी जहाजाच्या चार तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. लहान मुलं असतील, हवं तिथे थांबायचं असेल, तर तिचा फायदा खरा आहे. फक्त गाडी ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: जहाज त्या बंदराला आलंच नाही तर पैसे परत मिळणार का, आणि बंदरावर परत किती वाजता सोडणार. खराब हवेमुळे जहाजाने बंदर वगळणं नवीन नाही. अशा वेळी जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात, बाहेरच्या गाडीवाल्याचे येतीलच असं नाही.

या दोघांच्या मधला एक पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही. जहाजाच्या यादीत खाली कुठेतरी नुसत्या बसचं तिकीट असतं: बंदरावरून शहरात सोडायचं, ठरल्या वेळी परत आणायचं, मध्ये तुम्ही मोकळे. लाएम चाबांग, फू मी, चान मे अशा ठिकाणी मला हा पर्याय सगळ्यांत आवडतो. परत यायची काळजी मिटते आणि दागिन्यांच्या दुकानात सक्तीने तासभर बसावं लागत नाही.

सिंगापूरला सहल घ्यायची गरज आहे का?

नाही. क्रूझ मरिना बे क्रूझ सेंटरवरून सुटत असेल तर चालत जाण्याच्या अंतरावर मरिना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन आहे. हार्बरफ्रंटच्या सिंगापूर क्रूझ सेंटरवरून सुटत असेल तर मेट्रो त्याच इमारतीच्या खाली आहे, आणि तिथून गाडी न बदलता लिटल इंडियाला जाता येतं. क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन रात्री सिंगापूरला ठेवा, म्हणजे विमान उशिरा आल्यामुळे जहाज चुकायची भीतीही राहत नाही.

जेवायला सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे, पूर्ण शाकाहारी. जवळच टेक्का सेंटरमध्ये दक्षिण भारतीय, मलय, चिनी असे सगळे स्टॉल एकाच छताखाली. हॉकर सेंटर म्हणजे आपल्याकडच्या खाऊगल्लीला सरकारने छप्पर, टेबलं आणि स्वच्छतेची प्रतवारी दिली तर जे होईल ते. २०२०मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरली आहे असं समजा. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, न ठेवल्यास दंड होऊ शकतो.

पेनांगला काय करावं?

या पट्ट्यातलं हे माझं सर्वांत आवडतं बंदर. स्वेटनहॅम पिअरवर उतरलात की जॉर्ज टाउन समोरच. मलाक्कासह या शहराला २००८मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. कुठल्याही बसमध्ये बसू नका, चाला.

कपितान केलिंग मशिदीच्या रस्त्यावर काही मिनिटांच्या अंतरात १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी दयादेवीचं देऊळ आणि मशीद लागते. श्री महामारिअम्मन मंदिर, १८३३चं, शेजारच्या क्वीन स्ट्रीटवर आहे. त्याला लागूनच लिटल इंडिया. तिथे केळीच्या पानावरचं जेवण मिळतं, पानात पुन्हा पुन्हा वाढतात, आणि शाकाहारी माणूस पोटभर जेवून उठतो. पुढे समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या आहेत, त्यांतली च्यू जेटी सगळ्यांत मोठी. लोक अजून राहतात तिथे, तेव्हा घरांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका.

वेळ असेल तर पेनांग हिलची फ्युनिक्युलर रेल्वे आणि केक लोक सी मंदिर एका फेरीत होतं, दोन्ही शहराच्या एकाच बाजूला आहेत. यासाठी ग्रॅब या ॲपवरून बोलावलेली गाडी पुरेशी आहे. बरीच जहाजं पेनांगला दुपारनंतर लागतात. तसं असेल तर टेकडी सोडा आणि संध्याकाळ रस्त्यावरच्या खाण्याला द्या.

पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला जावं का?

क्वालालंपूर आधी पाहिलेलं नसेल तर जावं, पण एका दिवसात सगळं कोंबू नये. ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनास जुळे मनोरे आणि बाटू केव्हज ही गुहांमधली हिंदू देवळं एवढंच ठेवा. बाटू केव्हजला २७२ पायऱ्या आहेत, पायथ्याशी मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती, आणि पायऱ्यांवर माकडं. हातातली पिशवी, पाण्याची बाटली, चष्मा सांभाळा. गुडघे दुखत असतील तर खालूनही मूर्तीचं दर्शन छान होतं.

क्रूझ टर्मिनल पुलाऊ इंडा बेटावर आहे, आसपास चालत जाण्यासारखं काही नाही. त्यामुळे "उतरून बघू काय ते" असा बेत इथे करू नका. क्वालालंपूर पाहिलं असेल तर जहाजावरच थांबा. त्या दिवशी स्विमिंग पूल रिकामा असतो, बुफेला रांग नसते, आणि पैसे देऊन जेवायच्या काही रेस्टॉरंटमध्ये सवलतही मिळते.

फुकेतला बेटांची सहल घ्यावी का?

हंगाम बघून ठरवा. अंदमान समुद्राच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो. या दिवसांत स्पीडबोटीची सहल ज्येष्ठांना, गरोदर स्त्रियांना आणि पाठदुखी असलेल्यांना मी अजिबात सुचवणार नाही. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. डिसेंबर ते मार्च पाणी शांत असतं, तेव्हा फांग न्गाच्या खाडीतले चुनखडीचे सुळके पाहायला जरूर जा.

फी फी बेटांवरची माया बे ही पुळण पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे २०१८मध्ये बंद केली होती. २०२२मध्ये ती पुन्हा उघडली, पण तिथे पोहायला परवानगी नाही आणि पावसाळ्यात काही आठवडे ती बंद ठेवतात. कोणी एजंट "माया बेमध्ये पोहायला मिळेल" म्हणाला तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

बरीच जहाजं पातोंगसमोर नांगर टाकतात, म्हणजे टेंडर आलं. बोटीचा बेत नसेल तर फुकेतचं जुनं शहर आणि वाट चालोंग हे बौद्ध मंदिर असा अर्धा दिवस चांगला जातो. हत्तीवर बसायच्या सहली घेऊ नका. हत्तींना माणसं वाहायला शिकवताना जे केलं जातं, ते कळलं तर मुलांनाही बसावंसं वाटणार नाही.

लाएम चाबांगला एकच दिवस आहे. बँकॉक की पट्टाया?

बँकॉक पहिल्यांदाच बघणार असाल तर बँकॉक, पण जहाजाच्या बसने. ग्रँड पॅलेस आणि तिथलं पाचूच्या बुद्धाचं मंदिर बघायला सकाळचा वेळ हवा. तिकीट खिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बाहेर कोणी "आज पॅलेस बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणाला तर ती फसवणूक असते, सरळ फाटकाकडे चालत राहा.

बँकॉक आधी झालं असेल तर पट्टायाजवळचं लाकडात कोरलेलं सँक्चुअरी ऑफ ट्रुथ पाहा. बंदरापासून ते अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि दुपारी निवांत जहाजावर परत येता येतं.

व्हिएतनाममध्ये इतकी नावं आहेत, निवड कशी करायची?

दक्षिणेकडून सुरुवात करू. फू मीहून हो ची मिन्ह सिटीला गेलात तर शहरच पाहा: १८९१चं पोस्ट ऑफिस, रियुनिफिकेशन पॅलेस, युद्धाचं संग्रहालय. कू चीची युद्धकाळातली भुयारं शहराच्या पलीकडे, वायव्येला आहेत. बंदर ते भुयारं ते बंदर यात दिवस बसमध्येच संपतो. संग्रहालयातली छायाचित्रं लहान मुलांना झेपणारी नाहीत, त्यांना घेऊन आत जाण्याआधी विचार करा.

मधल्या व्हिएतनामला, चान मेहून, तीन दिशा फुटतात. हुए ही १८०२ ते १९४५ राज्य केलेल्या न्गुयेन घराण्याची राजधानी. होई आन हे जुनं व्यापारी बंदर, पिवळ्या भिंतींची घरं, कंदील आणि शिंपी. आणि मी सॉन. आपल्याकडच्या वाचकांनी मी सॉनचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. इथे चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून शंकराची देवळं बांधली, ती विटांची आहेत, आणि अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्यांतली बरीच पडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे जतनाचं काम केलं. त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. आपल्या देवळांत वाढलेल्या माणसाला तिथली पिंडी, नंदी, गणपती ओळखू येतात. समुद्रापलीकडे कधीकाळी हीच पूजा होत होती, हे डोळ्यांनी पाहणं वेगळंच.

अडचण अंतराची आहे. चान मेहून मी सॉन एका बाजूने अडीच तास धरा. जहाज दा नांगच्या तिएन सा बंदराला लागत असेल तर सोपं जातं. चान मेहून जमणार नसेल तर दा नांगमधलं चाम, म्हणजे चंपाच्या, शिल्पांचं संग्रहालय पाहा. मी सॉनमधली अनेक शिल्पं तिथेच ठेवली आहेत, आणि त्याच दिवशी होई आनही होतं.

उत्तरेला हा लाँग, समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या सुळक्यांची खाडी. इथे जहाजावरून उतरून पुन्हा बोटीत बसायचं लोकांच्या जिवावर येतं, पण बसाच. मोठं जहाज त्या सुळक्यांच्या आतवर जाऊ शकत नाही, लहान बोट जाते. एकाच दिवसाचा मुक्काम असेल तर इथून हनोईला जाऊ नका. जाऊन-येऊन पाच तास जातील आणि दोन्ही ठिकाणं अर्धवट राहतील. जानेवारी ते मार्च इथे धुकं आणि गारवा असतो, स्वेटर ठेवा. मधल्या व्हिएतनामला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरदार पाऊस असतो, हुए-होई आनला पूरही येतात. बुकिंग करतानाच हे महिने टाळता आले तर टाळा.

बाली आणि जावा?

बालीत बेनोआ बंदरापासून उबूद दीड तास, वाहतूक फार. एका दिवसात उबूद, तानाह लोट आणि उलुवातू तिन्ही दाखवतो म्हणणारा ड्रायव्हर तुम्हाला गाडीतच बसवून ठेवेल. एक दिशा निवडा. बालीत परदेशी पर्यटकांवर २०२४पासून दीड लाख रुपियांचा कर आहे, तो आधी ऑनलाइन भरता येतो.

जावाच्या सेमारांगहून बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप दोन ते अडीच तास. इतका प्रवास करून जायचं तर वर चढता येणार का हे आधी विचारा. आता रोज ठरावीक लोकांनाच स्तूपावर चढू देतात, त्याचं तिकीट वेगळं असतं आणि पायात तिथल्या खास चपला घालाव्या लागतात. काही सहली फक्त पायथ्याशी फिरवून आणतात, आणि ते वर्णनात बारीक अक्षरांत असतं.

ज्येष्ठ मंडळी बरोबर आहेत. काय जपावं?

सहलीच्या वर्णनात चालणं किती, पायऱ्या किती, हे दिलेलं असतं, ते वाचा. टेंडरच्या बोटीत चढताना बोट हलत असते, व्हीलचेअर प्रत्येक वेळी नेता येतेच असं नाही. ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा, तोही उत्तर व्हिएतनाम सोडलं तर बाराही महिने. लागोपाठ तीन बंदरं असतील तर मधल्या बंदराला काहीही ठरवू नका. आजी-आजोबांना डेकवर चहा घेत बंदर बघण्यातही आनंद असतो, त्यांना ओढून नेऊ नका.

व्हिसाचं काय?

सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार असाल तर तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तपासा. मलेशियाने डिसेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आहे आणि थायलंडनेही सवलत दिलेली आहे, पण या सवलती मुदतीच्या असतात. व्हिएतनामच्या ई-व्हिसात प्रवेशाचं बंदर निवडावं लागतं, विमानतळाचं नाव टाकू नका. एका देशाचा कागद नसेल तर फक्त त्या बंदराला उतरता येणार नाही असं लोक समजतात. प्रत्यक्षात क्रूझ कंपनी पहिल्याच दिवशी जहाजावर चढू देत नाही.

जहाजावर कुठलं जेवण भाड्यात येतं?

मुख्य डायनिंग रूम आणि बुफे बहुधा भाड्यात. स्टेकहाउस, सुशी, तेप्पान्याकी अशी रेस्टॉरंट वेगळे पैसे घेतात. काही ठिकाणी एकच ठरलेली रक्कम असते, काही ठिकाणी प्रत्येक पदार्थाची, आणि वर सेवाशुल्क. याशिवाय माणशी रोजची टिप बिलात आपोआप लागते.

शाकाहारी कुटुंबाने पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेकहाउसमध्ये शाकाहाऱ्याला सॅलड, बटाटा आणि एखादा पास्ता मिळतो, पैसे तितकेच. मुख्य डायनिंग रूममध्ये त्याच संध्याकाळी भारतीय भाजी, डाळ, भात मिळेल. सामिष खाणाऱ्यांनी एखादी रात्र जरूर घालवावी, पण ज्या दिवशी बंदराहून उशिरा येणार त्या दिवशी आरक्षण करू नये. थकलेल्या माणसाला बुफेतला गरम भात जास्त गोड लागतो.

जेवणाच्या दोन पाळ्या असतात, लवकरची सहाच्या सुमारास आणि उशिराची आठनंतर. आपल्या सवयीला दुसरी बरी. ज्येष्ठांना पहिली सोयीची, पण लांबच्या सहलीच्या दिवशी ती हमखास चुकते. वेळेचं बंधन नसलेला पर्याय असेल तर तोच घ्या.

जैन, कांदा-लसूण नसलेलं किंवा उपवासाचं जेवण मिळेल का?

सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवण मागितल्यावर मिळतं. मागायचं मात्र बुकिंगच्या वेळी, निदान दीड महिना आधी, आणि लेखी. पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. ते आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतात आणि तुमचं ताट वेगळं बनवतात. यासाठी रोज त्याच टेबलावर, त्याच वेटरकडे जेवणं सोयीचं पडतं. जैन म्हणजे कंदमुळं नाहीत, नुसतं कांदा-लसूण नाही एवढंच नव्हे, हे उलगडून सांगा.

उपवासाला साबुदाणा-भगर जहाजावर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा, सुकामेवा बुफेत असतं. एकादशी-चतुर्थी त्यावर निभावते.

किनाऱ्यावर शाकाहारी काय आणि कुठे खावं?

या देशांत मांस दिसतं, पण माशांचा रस दिसत नाही. थायलंड-व्हिएतनाममध्ये फिश सॉस आणि मलेशिया-इंडोनेशियामध्ये सुक्या कोळंबीची चटणी, म्हणजे बेलाचान किंवा तेरासी, भाजीतही पडते. "व्हेज" सांगून भागत नाही.

थायलंडमध्ये "जे" विचारा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं, लांबून इंग्रजी १७सारखी दिसतात. "जे" जेवणात मांस, मासे, अंडं, दूध नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. फुकेतमध्ये चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला, या जेवणाचा नऊ दिवसांचा उत्सव असतो. व्हिएतनाममध्ये "कोम चाय", म्हणजे शाकाहारी जेवण, अशी पाटी असलेल्या खाणावळी शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बौद्ध लोक शाकाहार करतात, तेव्हा या खाणावळी गजबजलेल्या असतात. जैन मंडळींनी लक्षात ठेवावं की या दोन्ही ठिकाणी बटाटा, मुळा, अळकुडी चालते. मलेशिया-सिंगापूरमध्ये तमिळ शाकाहारी खाणावळी असल्याने प्रश्नच येत नाही. बालीत तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू घातलेला भात मागा आणि "तेरासी नको" हे सांगा.

मासे खाणाऱ्यांनी काय चुकवू नये?

पेनांगचा आसाम लाक्सा. बांगड्याच्या आंबट-तिखट रश्श्यात तांदळाच्या शेवया, वर पुदिना आणि अननस. आंबटपणासाठी त्यात चिंचेबरोबर आसाम गेलुगोर नावाचं वाळवलेलं फळ घालतात, ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासातच हा रस्सा आपलासा वाटेल. नारळाच्या दुधातला लाक्सा वेगळा, तो मागायचा असेल तर "करी मी" म्हणा. चार क्वे तिओ या परतलेल्या शेवयांत डुकराची चरबी असू शकते, वर्ज्य असेल तर विचारून घ्या.

रस्त्यावरचं खावं का? बर्फ?

सिंगापूर-पेनांगमध्ये बिनधास्त. इतरत्र गर्दी असलेला, समोर गरम बनवणारा स्टॉल निवडा. चिरून ठेवलेली फळं टाळा. थायलंडमध्ये गोल, मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातून येतो, तो चालतो. जहाज सुटायच्या आधीच्या दोन तासांत नवीन काही खाऊन पाहू नका.

घरचा खाऊ नेता येईल का?

बंद पाकिटातली चकली, शेव, खाकरा बहुतेक जहाजांवर चालतात. घरचं शिजवलेलं अन्न बहुधा चालत नाही. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: सिंगापूरमध्ये खसखस प्रतिबंधित आहे. दिवाळीनंतरच्या क्रूझला अनारसे, खसखशीचं सारण भरलेल्या करंज्या किंवा खसखस असलेला गोडा मसाला बॅगेत घालू नका. च्युइंग गम आणि ई-सिगारेटही नको. जहाजाच्या बुफेतलं फळ किंवा सँडविच खाली उतरवू नका, बऱ्याच बंदरांवर त्याला मनाई असते.

घड्याळ आणि फोन, यात गोंधळ का होतो?

सिंगापूर, मलेशिया आणि बाली एकाच वेळेवर चालतात. थायलंड, व्हिएतनाम आणि जावा त्यांच्या एक तास मागे. जहाज काही वेळा स्वतःचं घड्याळ बदलतच नाही. फुकेतला फोन आपोआप थाई वेळ दाखवतो, जहाजावर मात्र सिंगापूरची वेळ चालू असते. फोन बघून चार वाजता परत याल, तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. हातात साधं घड्याळ घाला, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि जहाजाने वेळ बदलल्याशिवाय बदलू नका.

आणि तरीही जहाज चुकलंच तर?

रोजच्या माहितीपत्रकात त्या बंदरावरच्या एजंटचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. उतरण्याआधी त्या पानाचा फोटो काढा. प्रवासी आला नाही असं दिसलं तर जहाजावरचे लोक बऱ्याचदा त्याचा पासपोर्ट एजंटकडे देऊन जातात, म्हणून पहिला फोन त्यालाच करायचा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा, आणि दुसऱ्या देशात जायचं तर तिथला व्हिसा लागणार. म्हणून पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, एक कार्ड, थोडी स्थानिक रोकड आणि दोन दिवसांची औषधं उतरताना जवळ ठेवा. स्वतः फिरताना बंदरावर दोन तास आधी परतायचं ठरवा. क्रूझ असा शब्द स्पष्ट लिहिलेला प्रवास विमा घ्या. साध्या परदेश प्रवासाच्या पॉलिसीत जहाज चुकण्याचा खर्च येतोच असं नाही, तेव्हा पॉलिसी घेण्याआधी एजंटकडून ते कलम दाखवून घ्या.